ऋण संख्यांची गणितं पुन्हा पुन्हा चुकतात? आधी कोणती चूक आहे ते ओळखा

"काल सगळी बरोबर आली होती हो, आज परत तेच." शिकवणीच्या दारात उभी राहून आई हे सांगते आणि मूल तिच्यामागे कडीशी चाळा करत असतं. नाशिकला पंचवटीत मखमलाबाद नाक्याजवळ मी सहावी ते आठवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. अपूर्णांकांच्या तक्रारी येतात, भूमितीच्या येतात, पण एकदा मिटून परत उगवणारी तक्रार एकच, ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी. सहावीत पूर्णांक संख्या आल्या की चुकतं, सराव केला की सुटतं. सातवीत पूर्णांकांचा गुणाकार झाला की पुन्हा बिघडतं. आठवीत कंस सोडवताना तिसऱ्यांदा. हराळीसारखं आहे हे. वरून खुडली की चार दिवस वाफा स्वच्छ दिसतो.

घरी यावर एकच औषध असतं, पन्नास गणितं घालायची. त्याने बहुतेक वेळा नुकसानच होतं. मूल चुकीची पद्धत वापरत असेल तर ती पन्नासदा गिरवली जाते, आणि मधली काही उत्तरं योगायोगाने बरोबर येत असल्याने ती पद्धत खरी आहे असा त्याचा विश्वासही बसतो.

आधी पाच गणितं, काही न शिकवता

कोऱ्या कागदावर ही पाच लिहून द्या. मदत नको, घाई नको, चुकलं तर तोंडही वाकडं करायचं नाही.

४ − ९
−८ + ३
−३ − ५
६ − (−२)
−२ − (−७)

उत्तरं अनुक्रमे −५, −५, −८, ८ आणि ५. पण बरोबर किती आली ते मोजू नका. प्रत्येक चुकीच्या उत्तरापाशी एवढंच विचारा, "हे कसं केलंस, मला सांग." मूल जे वाक्य बोलेल त्यात दुखणं सापडतं. मी ते वाक्य जसंच्या तसं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. महिन्याभराने त्याच मुलाच्या तोंडून तेच वाक्य आलं, तर माझी दुरुस्ती वरवरची होती हे मला कळतं.

झटपट सुटणाऱ्या तीन चुका

४ − ९ चं उत्तर ५ आलं, तर दोष आपलाच. दुसरीत आपणच शिकवलेलं असतं की "चारातून नऊ जात नाहीत." मूल आज्ञाधारक आहे. चारातून नऊ जात नाहीत म्हणून ते नवातून चार घालवतं. त्याला स्पष्ट सांगावं लागतं, "तेव्हा जात नव्हते, आता जातात, आणि गेले की शून्याच्या खाली उतरायचं." एवढ्यावर सुटतं.

उत्तर एकाने चुकत असेल, म्हणजे −८ + ३ चं −६ येत असेल, तर मूल संख्यारेषेवर उभ्या जागेलाच "एक" म्हणतंय. संख्यारेषेवर बोट ठेवून मोजायला सांगा, लगेच दिसेल. मोजायच्या त्या उड्या, ठिपके नव्हेत. सापशिडीत आपण ज्या घरात उभे असतो ते घर मोजतो का, एवढं विचारलं की मुलं स्वतःच हसतात.

−८ + ३ चं −११ आलं, तर मुलाने पुढचं वजा चिन्ह बाजूला काढून ठेवलं, आठ आणि तीन मिळवले आणि शेवटी ते चिन्ह परत चिकटवलं. त्याच्या लेखी ते चिन्ह म्हणजे संख्येच्या डोक्यावरची टोपी, काढली काय आणि घातली काय. अशा मुलाला आधी विचारा, −८ आणि −३ मध्ये मोठी कोण? "आठ मोठा" असं उत्तर आलं, तर बेरीज-वजाबाकी बाजूला ठेवा आणि दोन दिवस फक्त लहान-मोठेपणा घ्या. थंडीत निफाडचा पारा किती उतरला हे आपल्याकडे मुलांच्याही कानावर पडतं. तिथून निघा. निफाडला ४ अंश आणि लेहला −८ अंश, तर जास्त गारठा कुठे? हिमालयात एका गावी −३ आणि दुसऱ्या गावी −८, मग? गारठ्यात मुलं चुकत नाहीत.

"वजा वजा अधिक"वालं मूल

आता मूळ दुखणं. −३ − ५ चं उत्तर मूल ८ लिहितं आणि "कसं केलंस" विचारलं की ठसक्यात सांगतं, "वजा वजा अधिक!" ते सहावीत असेल, तर हा नियम त्याला मोठ्या भावंडाकडून मिळालेला असतो. सातवीत असेल, तर वर्गातून. नियम खोटा नाही, पत्ता चुकलाय. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो, हे घर गुणाकाराचं. −३ − ५ मध्ये गुणाकार कुठेच नाही, पण मुलाला दोन आडव्या रेघा दिसल्या आणि त्याने पाठ केलेलं सूत्र लावलं. म्हणूनच सहावीत बरं झालेलं मूल सातवीत परत आजारी पडतं. नवा नियम पाठ झाला की तो जुन्या शेतात शिरतो.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या गणितज्ञांनी ही सरमिसळ केलेली नाही. ब्रह्मगुप्तांच्या इ.स. ६२८ च्या 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' ग्रंथात धन आणि ऋण यांचे नियम आहेत. त्यात बेरजेचे वेगळे, वजाबाकीचे वेगळे, गुणाकाराचे वेगळे. दोन ऋणांची बेरीज ऋण, हे तिथे सरळ सांगितलंय. धन म्हणजे गाठीचा पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज, शब्दच बोलतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला 'नेगेटिव्ह' या शब्दातून काही मिळत नाही. आपल्याला 'ऋण' शब्दात अख्खा धडा फुकट मिळतो आणि आपण तो न वापरता "वजा तीन, मायनस तीन" म्हणत बसतो.

दुसरा घोटाळा इथेच आहे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठा. "वजा" हा शब्द आपण दोन कामांना राबवतो. एकदा तो संख्येचं चिन्ह असतो, −३ मधला. एकदा तो क्रिया असतो, सातातून दोन काढा म्हणतो तो. दोघांची रेघ एकसारखी, नावही एक. मुलाने ओळखायचं कसं? सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर या दोन कामांना दोन वेगळी बटणं असतात. यंत्रालाही फरक सांगावाच लागतो, आणि अकरा वर्षांच्या पोराने मात्र तो आपोआप समजून घ्यावा अशी आपली अपेक्षा.

म्हणून माझ्याकडे बोलण्याचा एक नियम आहे आणि त्यात सूट नाही. संख्येचं चिन्ह असेल तर "ऋण". क्रिया असेल तर "वजा". −३ − ५ वाचायचं "ऋण तीन वजा पाच". ६ − (−२) वाचायचं "सहा वजा ऋण दोन". सेमी-इंग्रजीची मुलं "नेगेटिव्ह थ्री मायनस फाइव्ह" म्हणतात, तेही चालतं. उत्तर लिहिण्याआधी मोठ्याने वाचायचं. पहिले आठ दिवस माझा वर्ग मंत्रपठणाला बसल्यासारखा वाटतो, पण निम्मी मुलं नुसत्या वाचनानेच सुधारतात. तोंडातून "ऋण तीन वजा पाच" बाहेर पडलं की "वजा वजा" असं काही उरतच नाही.

राहिलेल्या निम्म्यांना वही दाखवते. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत तीन रुपये मांडलेत. आज आणखी पाच रुपयांचं सामान घेतलं आणि पैसे दिले नाहीत. आता? "आठ रुपये द्यायचेत." मग ते धन आठ का ऋण आठ? (तीन रुपयांत हल्ली काय येतं, असं एकाने विचारल्यापासून मी तीनशे आणि पाचशे म्हणते.) मग वहीत −३ − ५ च्या खाली (−३) + (−५) लिहून घ्यायचं. पाच वजा करणं आणि ऋण पाच मिळवणं एकच, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. पुस्तकातही विरुद्ध संख्या मिळवायची ही रीत दिलेली असते, फक्त मुलं ती पायरी गाळतात कारण लिहायला लांब पडते. महिनाभर गाळू देऊ नका.

सहा वजा ऋण दोन

इथे मात्र थांबावं लागतं. ६ − (−२) चं उत्तर ४ लिहिणारं मूल कंस पाहतच नाही. ८ लिहिणारं मूलही बहुतेकदा "वजा वजा अधिक" म्हणूनच लिहितं, म्हणजे बरोबर उत्तर आणि चुकीचं कारण. चौथं गणित बरोबर आणि तिसरं चूक, अशी जोडी दिसली की मला कळतं की मुलाला काहीच कळलेलं नाही, नुसतं सूत्र पाठ आहे.

मी बरीच वर्षं इथे कर्जमाफी सांगत असे. आपल्या जिल्ह्यात हा शब्द पोराटोरांना ठाऊक. कर्ज वजा झालं म्हणजे माफ झालं, म्हणजे तेवढा फायदा. मुलं माना डोलवायची. एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "पण बाई, कर्ज माफ झालं तरी हातात काहीच येत नाही ना. मग सहाचे आठ कुठून झाले?"

मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. पुढच्या पाठाकडे वळले, पण रात्री भांडी घासताना तेच डोक्यात. मुलीचं बरोबर होतं. माझ्या गोष्टीत कर्ज होतं, पण गणितातल्या सहामध्ये ते कुठेच दिसत नव्हतं. जे नाहीच ते माफ कसं करणार?

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक खिसा आणि एक वही काढली. खिशात आठ रुपये. वहीत दोन रुपये उधारी. तुझं स्वतःचं किती? "सहा." बरोबर, म्हणजे हा सहा आहे. खिशात आठ, वहीत ऋण दोन. आता दुकानदार म्हणाला, जाऊ दे पोरी, आणि दोन रुपये खोडले. खिशाला हातही लावला नाही. आता तुझं स्वतःचं किती? ती फळ्याकडे पाहत राहिली, मग हळूच म्हणाली, "आठ. पण ते आधीपासूनच खिशात होते." हो. आधीपासूनच होते, पण दोन तुझे नव्हते.

तेव्हापासून हीच मांडणी. सहा म्हणजे नुसते सहा नव्हेत. आठ आणि ऋण दोन मिळूनही सहाच होतात, शंभर आणि ऋण चौऱ्याण्णव मिळूनही सहाच. हे पटलं की पुढचं सोपं आहे.

हातात धरायला चिंचोके वापरते. चिंचोका फोडून दोन दलं केली की आतली बाजू पांढरी, बाहेरची तपकिरी. चल्लस खेळायला आजी असेच करायची. पांढरी बाजू वर असेल तर धन एक, तपकिरी वर असेल तर ऋण एक, आणि एक पांढरा एक तपकिरी मिळून शून्य. चिंचोके नसतील तर दोन रंगांची बटणं घ्या, पण चिंचोक्यांचा आवाज वेगळाच, आणि मुलं ते खिशात घालून पळवतात.

−२ − (−७) मांडायला सांगा. दोन तपकिरी ठेवले. आता सात तपकिरी काढायचे. नाहीत ना? मग पाच शून्यं आणा. पाच पांढरे आणि पाच तपकिरी ताटलीत ओता. किंमत बदलली? नाही, शून्यंच तर आणली. आता तपकिरी झाले सात, ते उचला. उरले पाच पांढरे. हे मुलाने स्वतःच्या हाताने करायचं, तुम्ही करून दाखवायचं नाही. शून्यं ओतताना ते क्षणभर थांबतं आणि मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. तिथे मी गप्प बसते.

काही मुलांना काढून घेण्यापेक्षा अंतर लवकर कळतं. त्यांच्यासाठी आपला दुतोंड्या मारुती. गोदेला पूर आला की रामकुंडाजवळच्या या मारुतीवरूनच नाशिककर पाणी मोजतात. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला टेकलं. फळ्यावर मी मारुती काढते (खऱ्यापेक्षा बराच उंच होतो, माझी चित्रकला बेताची), कमरेला शून्य, वर एकेक हात धन, खाली एकेक हात ऋण. सकाळी पाणी −२ ला. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, संध्याकाळी ३ ला. किती चढलं? "पाच हात," सगळा वर्ग एका सुरात. मग लिहा, संध्याकाळचं वजा सकाळचं: ३ − (−२) = ५. आता ओसरू द्या. सकाळी −१, संध्याकाळी −४. −४ − (−१) = −३, तीन हात उतरलं. कुठलंच सूत्र न वापरता चिन्हही बरोबर आलं.

गोष्ट कुठे तुटते

वरच्या तिन्हींची आपापली हद्द आहे आणि ती ओलांडली की मुलं पुन्हा गोंधळतात. मारुती अंतराला आणि लहान-मोठेपणाला चांगला. पण "सकाळचं पाणी अधिक संध्याकाळचं पाणी" याला काही अर्थ नाही, त्यामुळे दोन पातळ्यांची बेरीज तिथे करू नका. किती होतं आणि किती चढलं, एवढंच मिळवता येतं. उधारीची वही बेरजेला उत्तम. चिंचोके काढून घेण्याला उत्तम, पण संख्या वीसच्या पुढे गेली की ताटलीत नुसता पसारा.

आणि कर्जाची गोष्ट जपून. द्राक्षाच्या भागातून येणारी मुलं माझ्याकडे आहेत. अवकाळी पाऊस बागेवर आला त्या वर्षी मी फळ्यावर "बाबांवर तीन लाख कर्ज" असं उदाहरण लिहिलं आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा वहीत तोंड खुपसून बसला तो तास संपेपर्यंत. तेव्हापासून माझ्या उदाहरणात कर्ज नाही आणि बाबाही नाहीत. दुकानातली उधारी असते आणि ती नेहमी माझीच असते. "तुमच्या बाई परत उधार घेऊन आल्या" म्हटलं की वर्ग खूश.

परत उगवू नये म्हणून

नियम सगळ्यात शेवटी. मुलाला विचारा, "तुला काय दिसतंय, तूच सांग." खाली खाली हा पाढा लिहायला द्या: ६ − २ = ४, ६ − १ = ५, ६ − ० = ६, आणि पुढच्या दोन ओळी कोऱ्या, ६ − (−१) आणि ६ − (−२). उत्तर एकेकाने वाढतंय हे पाहून मूल स्वतःच ७ आणि ८ लिहितं. स्वतः काढलेला नियम सातवीच्या गुणाकारात हरवत नाही असा माझा अनुभव आहे.

सराव थोडा, पण मिसळलेला. पुस्तकात एका सरावसंचात बहुधा एकाच जातीची गणितं असतात, त्यामुळे पहिलं सुटलं की मूल बाकीची न बघताच सोडवतं. मी रोज तीनच देते, तीन वेगळ्या जातींची, सहा आठवडे. सातवीत गुणाकार सुरू झाला की त्या तिनात मुद्दाम शेजारी शेजारी घालते: −३ − ५ आणि (−३) × (−५). एकाचं −८, दुसऱ्याचं १५. उत्तराशेजारी एका शब्दात क्रियेचं नाव लिहायचं, बेरीज, वजाबाकी की गुणाकार. कंटाळवाणं आहे, मुलं कुरकुरतात, मी ऐकत नाही.

शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांना आणखी एक सांगते. पर्यायांमध्ये ८ आणि −८ दोन्ही असतात असं धरूनच चाला. पर्याय झाकून उत्तर काढा, मग हात बाजूला घ्या.

आठवीतला तिसरा झटका म्हणजे १० − (४ − ७). बहुतेक वह्यांत १० − ४ − ७ होऊन −१ येतं. मी दोन्ही रस्ते चालायला लावते. आधी कंसातलं सोडवा, ४ − ७ म्हणजे −३, मग १० वजा ऋण तीन, १३. आता कंस फोडून करा, १० − ४ + ७, हेही १३. उत्तरं जुळली नाहीत तर कुठल्यातरी रस्त्यावर एक चिन्ह सांडलंय, ते तुम्हीच शोधा. गेल्या आठवड्यात एकाला दहा मिनिटं सापडेना. मी काही बोलले नाही. शेवटी त्याने गणित मोठ्याने वाचलं, "दहा वजा, कंसात चार वजा सात," मध्येच थांबला आणि म्हणाला, "बाई, वजा अख्ख्या कंसाला होतं. मी फक्त चारालाच दिलं."